पिसाची माशी

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास एका गोष्टीचा उलगडा लवकर होत नाहीं. ज्या भाषेंत शेक्सपीअर आणि मिल्टन झाले, तींत गळानें मासे धरण्यावर इतके ग्रंथ कां असावेत? आयझॅक वॉल्टन याचा ‘कम्प्लीट अँगलर’ इ. स. १६५३ मध्यें निघाला. राजा चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन चार वर्षें लोटलीं होतीं, देशाचीं सूत्रें क्रॉम्वेलच्या हातीं होतीं, आणि साठीस आलेला हा लंडनचा दुकानदार नदीकांठच्या झाडाखालीं बसून मासा कसा धरावा हें निवांतपणें सांगत होता! तो ग्रंथ तेव्हांपासून आजतागायत छापला जात आहे. आपल्याकडील टीपाकारांनीं मात्र ‘ट्राउट’ या शब्दापुढें ‘एक प्रकारचा मासा’ एवढें लिहून पिढ्यान् पिढ्या काढल्या; आणि परीक्षेस तेवढें पुरतहि असे.

शनिवार पेठेंतील वाचकास हा विषय परका, कदाचित् अरुचिकरहि वाटेल. ज्या घरांत मासळी शिजत नाहीं त्या घरांत मासळीचें शास्त्र कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या लेखाचा विषय मासा खाणें हा नव्हे. विषय आहे एक पीस, तें बांधणारा हात, आणि त्या हाताविषयीं लिहिणारी लेखणी. या तिहींची गांठ एका देशांत पडली व दुसऱ्यांत पडली नाहीं, असें कां झालें हें आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊं. ट्राउट हा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्याचा मासा. त्याच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे पाण्यांत वाढणारे किडे. यांपैकीं कित्येक किडे पुष्कळ महिने तळाशीं काढतात. मग एके दिवशीं वर येऊन कात टाकतात आणि पंख फुटलेली एक नाजूक माशी पाण्याच्या पृष्ठभागावर उभी राहते. पंख वाळून उडतां येईपर्यंत प्रवाह तिला वाहून नेतो, आणि तेवढ्या अवकाशांत मासा खालून येऊन तिला गिळतो. ही खरी माशी गळास टोंचावी म्हटलें तर सोय नाहीं. बोट लागतांच तिची कांति जाते व पंख चुरगळतात. तेव्हां तिचें सोंगच गळावर बांधावें लागतें. असें सोंग पाण्याखालीं बुडवून वापरलें तर ती ओली माशी. पाण्यावर तरंगत ठेवलें तर ती कोरडी माशी.

आमच्यापुढें मेजावर एका स्नेह्यानें इंग्लंडांतून आणून दिलेली अशी एक कोरडी माशी आहे. तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नाहीं. भिंगांतून पाहिलें म्हणजे तिची बांधणी लक्षांत येते. बारीक गळ चिमट्यांत घट्ट धरून त्यावर मेण लावलेला रेशमी दोरा गुंडाळला आहे. मागें चार ताठ तंतूंची शेपटी आहे. धड मोराच्या पिसाचें आहे. मोरपिसाच्या डोळ्यांतील एक तंतु घेऊन त्यावरची लव नखानें खरवडली म्हणजे खालीं एक चपटी शीर उरते. तिची एक कड काळसर व दुसरी फिकी असते. ती गळावर वेढ्याशेजारीं वेढा अशी गुंडाळली कीं किड्याच्या पोटावर असतात तशींच वळीं आपोआप उमटतात. ही युक्ति ज्यास प्रथम सुचली त्याचे डोळे कसे असतील! मोर आपल्याकडे गल्लोगल्लीं देवळांच्या भिंतींवर आहे, त्याच्या पिसांचे कुंचे साधूंच्या हातीं आहेत. परंतु त्याच्या एका तंतूंत किड्याचें पोट दडलेलें आहे हें येथें कोणीं लिहून ठेविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

धडाच्या पुढें, गळाच्या डोळ्यापाशीं, सर्व कारागिरीचा प्राण आहे. तेथें कोंबड्याच्या मानेचें एक पीस उभ्या कडेनें तीनचार वेढे देऊन आवळतात; त्याचे तंतु चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चहूंकडे फांकतात. या पिसास इंग्रज ‘हॅकल’ म्हणतात. आऱ्यांचीं टोंकें पाण्यावर टेकतात, पण तें भेदून खालीं जात नाहींत. पाण्याच्या पृष्ठभागास जो स्वाभाविक ताण असतो त्यावर लोखंडी गळाचा भार तोलला जातो. खालून पाहणाऱ्या माशास हीं टोंकें म्हणजे किड्याचे पायच वाटतात. येथें कोंबडीचें पीस चालत नाहीं. तें मऊ असतें, पाणी पितें, आणि माशीस बुडवितें. म्हणून तें ओल्या माशीस योग्य. कोंबडाहि वयांत आलेला हवा. कोवळ्या पक्ष्याचें पीस लेंचें पडतें. पिसाचे तंतु चकचकीत, सडपातळ व कण्याशीं लव कमी असलेले असावेत, आणि त्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या सुमारें दीडपट ते दुप्पट असावी. तांबूस, पिवळट, करड्या पट्ट्यांचें, मधोमध काळी रेघ असलेलें अशीं या पिसांचीं नाना कुळें आहेत. सर्वांत दुर्मिळ तें धुरकट निळसर. अशा रंगाचा एखादा कोंबडा एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणांत दिसला तर त्याचा माग काढीत जाणारे विद्वान त्या देशांत होऊन गेले आहेत.

माशी बांधून झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ती कोरडी राहिली पाहिजे. म्हणून दोरी पाण्यावर पडूं न देतां हवेंत दोनतीनदां मागेंपुढें झटकून पाणी उडवितात. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मनुष्य त्याच्या पाठीमागून येतो आणि माशी त्याच्या पुढें कांहीं हातांवर उतरवितो. मग ती प्रवाहाच्याच गतीनें वाहत आली पाहिजे. दोरीच्या ओढीनें ती रेसभर तिरपी सरकली तरी मासा तोंड फिरवितो.

या विद्येचा सर्वांत जुना उल्लेख इंग्रजी नाहीं. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन ग्रंथकारानें ग्रीक भाषेंत प्राण्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत मॅसिडोनिया देशांतील एका नदीवरचे लोक गळास तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बसवितात, असें त्यानें सांगितलें आहे. खरी माशी हात लागतांच बिघडते म्हणून हें करावें लागतें, हें कारणहि त्यानेंच दिलें आहे. त्यानंतर इ. स. १४९६ मध्यें लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या विद्येवरील एक लहानसा निबंध छापला. तो ज्यूलियाना बर्नर्स या जोगिणीनें लिहिला असें परंपरा म्हणते; विद्वानांस तें मान्य नाहीं. त्यांत महिन्यांच्या क्रमानें बारा माश्या दिल्या आहेत. वॉल्टनच्या ग्रंथास चार्ल्स कॉटन यानें १६७६ मध्यें माशीच्या प्रकरणाची जोड दिली. पुलमन यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोरड्या माशीचें स्पष्ट वर्णन केलें. पण तिला शास्त्राची पदवी मिळवून दिली ती फ्रेडरिक हॅलफर्ड यानें. मॅरिअट नांवाच्या कुशल मित्राच्या साह्यानें त्यानें हॅम्पशरमधील टेस्ट आणि इचिन या चुनखडीच्या प्रदेशांतल्या नद्यांवर वर्षानुवर्षें किडे गोळा केले, आणि १८८६ मध्यें तरंगणाऱ्या माश्यांच्या बांधणीवर व १८८९ मध्यें त्यांच्या प्रयोगावर असे दोन ग्रंथ लिहिले.

हॅलफर्डचे शिष्य गुरूपेक्षां कडवे निघाले. मासा पृष्ठभागावर येऊन खातांना दिसल्यावांचून माशी टाकावयाचीच नाहीं, आणि टाकावयाची तर कोरडीच, असा त्यांनीं जवळजवळ धर्म केला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलानें १९१० मध्यें ग्रंथ लिहून सांगितलें कीं, मासा बहुतेक वेळां पाण्याखालींच खातो, तेव्हां त्या नद्यांवरहि ओल्या माशीस स्थान आहे. झालें! पुढें अठ्ठावीस वर्षांनीं, १९३८ मध्यें, ऐंशीच्या घरांत असलेल्या स्क्यूजला लंडनच्या एका मंडळांत भरसभेंत या पाखंडाचा जाब द्यावा लागला. पुण्यांतील वादांची ज्यांस संवय आहे त्यांस ही हकीकत वाचतांना अगदीं घरच्यासारखें वाटेल. परंतु एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वाद घालणारे दोघेहि स्वतः पाण्यांत उभे राहत, स्वतः माश्या बांधीत, माशाचें पोट चिरून त्यानें काय खाल्लें तें पाहत, आणि मग लिहीत.

आतां पिसाकडे वळूं. हॅलफर्डच्या काळीं इंग्लंडांत गळाच्या विद्येसाठीं जें सामान लागे त्यांत आपल्या देशाचा वांटा लहान नव्हता. चिरून जोडलेल्या काठ्या कित्येक वर्षें ‘कलकत्ता’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या हिंदी बांबूच्या होत. पुढें चिनी बांबूनें त्यास मागें सारलें. मोरपीस आपलेंच. गांवठी कोंबड्याच्या मानेचीं कातडीं पिसांसकट ‘इंडियन नेक’ या नांवानें विलायतेंत व अमेरिकेंत दीर्घकाळ खपत होतीं; विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत केवळ पिसांसाठीं पैदास केलेल्या कोंबड्यांनीं त्यांची सद्दी संपविली. आणि या सर्वांहून प्रसिद्ध पीस होतें तें आपल्या राखी रानकोंबड्याचें.

हा पक्षी फक्त भारतांतला, त्यांतहि मुख्यतः पश्चिमेकडील व दक्षिणेकडील डोंगरांतला. महाबळेश्वर-कोयनेच्या रानांत पहांटे त्याची तुटक आरोळी ज्यांनीं ऐकली असेल त्यांस तो निराळा सांगावयास नको. सोनेरा या फ्रेंच प्रवाशानें १७८२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केलें, आणि १८१३ मध्यें टेमिंक या डच शास्त्रज्ञानें त्यास सोनेराचेंच नांव दिलें. नराच्या मानेवरील प्रत्येक पिसाच्या टोंकास मेणाचा थेंब पडून थिजावा तशी पांढरी-पिवळी चकचकीत टिकली असते. विणीचा हंगाम सरला कीं तो हीं पिसें टाकतो आणि पावसाळ्यांत साध्या मानेनें वावरतो. सॅमन माशासाठीं बांधल्या जाणाऱ्या थोर व भपकेदार माश्यांच्या गालांवर ही टिकली बसविण्याचा प्रघात इतका पडला कीं, केल्सन याच्या १८९५ च्या ग्रंथांतील माश्यांत हें पीस पानोपानीं आढळतें. सह्याद्रींतल्या फांसेपारध्यास आपण लावलेल्या फांशाचें फळ स्कॉटलंडच्या नदींत बुडतें याची कल्पना असणें शक्य नव्हतें. आणि स्कॉटलंडांतल्या सरदारासहि फांसा लावणारा हात ठाऊक नव्हता. इ. स. १९०२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांच्या पिसांची निर्गत बंद केली, १९२१ मध्यें विलायतेनेंहि अशा पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानकोंबड्यास आपल्या देशांत संरक्षण मिळालें. आज विलायतेंत हें पीस लागतें तें तिकडेच पाळलेल्या पक्ष्यांचें.

कोरड्या माशीशींहि त्याचा संबंध आला, तो उशीरां. पेनसिल्व्हेनियांतील व्हिन्सेंट मरिनारो यानें १९५० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तुडतुड्यासारखी एक माशी वर्णिली आहे. आपल्या भातावर पडतो त्याच जातकुळीचा हा कीटक. गवतांतून उडून ओढ्यांत पडतो आणि ट्राउट त्यास आवडीनें खातो. मरिनारोनें गळावर कोंबड्याचें पीस गुंडाळलें, त्याचे वरचे व खालचे तंतु कातरले, आणि पाठीवर रानकोंबड्याची एक टिकली आडवी निजवून बांधली. झाला तुडतुडा! येथें आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. कोंबड्याचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हें सर्वमान्य आहे; परंतु पुष्कळशा पाळीव कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, तो पिवळा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ मध्यें यूरोपांतील शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक परीक्षेवरून दाखविलें. तेव्हां हॅम्पशरच्या अंगणांतल्या कोंबड्याच्या रक्तांतहि आमच्या रानाचा अंश असूं शकेल.

सामान आपलें, मग विद्या? ट्राउट आपला नव्हे, हें खरें. फ्रान्सिस डे यानें १८६३ पासून त्यास निलगिरींत आणण्याचे प्रयत्न केले ते फसले. काश्मीरांत १९०० च्या सुमारास आणि निलगिरींत त्यानंतरच्या दशकांत तो रुजला. दख्खनच्या नद्या त्याला उष्ण पडतात. परंतु गळाची विद्या कांहीं ट्राउटवर अवलंबून नाहीं, आणि ती येथें नव्हती असेंहि नाहीं. वेस्टमिन्स्टरच्या निबंधाआधीं साडेतीनशेंहून अधिक वर्षें, कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हा त्याचा काळ. पांच विंशति, प्रत्येकींत वीस अध्याय, असा त्याचा शंभर अध्यायांचा विस्तार आहे. आणि त्यांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. सुमारें पस्तीस जातींचे मासे त्यांत सांगितले आहेत: समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणतें खाद्य घालून संवय लावावी, आणि मग काठी, दोरी व गळ यांचा प्रयोग कसा करावा. भर खाद्याच्या आमिषावर आहे, पिसाच्या माशीवर नव्हे. पण पाहण्याची रीत तीच आहे. मासा काय खातो हें आधीं पाहावें, मग गळ टाकावा.

याच ग्रंथाच्या संगीताच्या प्रकरणांत मराठी पद्यरचनेचे फार जुने नमुने आले आहेत, आणि त्यांत मत्स्यावताराची स्तुति आहे. आमच्या भाषेच्या इतिहासकारांनीं त्या ओळींचा कीस काढला, तें योग्यच झालें. त्याच ग्रंथांतील खऱ्या माशांकडे मात्र कोणी वळला नाहीं.

आतां दुसरें एक पुस्तक घ्या. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या पदरीं, त्याच कल्याणींत, विज्ञानेश्वरानें ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्यावर टीका झाल्या. अठराव्या शतकांत बाळंभट्टानें केलेली टीका प्रसिद्धच आहे. कोलब्रुकनें १८१० मध्यें तींतील दायभागाचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि इंग्रजी न्यायासनांपुढें या शनिवार पेठेंतल्या कित्येक वाड्यांच्या वांटण्या त्या ग्रंथाच्या आधारें झाल्या. एकाच राजधानींतले, एकाच पिढी-दोन पिढ्यांतले हे दोन ग्रंथ. एकावर सात शतकें लेखणी चालली. दुसरा, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं १९२५ पासून त्याचे भाग छापावयास आरंभ करीपर्यंत, हस्तलिखितांच्या दप्तरांत होता. आणि त्यांतील माशांची शास्त्रीय ओळख पटविण्याचा प्रयत्न सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें केला तो १९५१ मध्यें.

याचें कारण आमच्या मतें धर्म हें नव्हे. निदान तेवढेंच नव्हे. अहिंसेचा संस्कार जुना आहे, अशोकाच्या स्तंभलेखांत ठराविक दिवशीं मासे मारण्यास मनाई आहे, देहू-आळंदीच्या डोहांतील माशांना हात लावावयाचा नाहीं हा संकेतहि आदरणीय आहे. परंतु शिकारीवर, हत्तींवर, श्येनपक्ष्यांवर आपल्याकडे ग्रंथ झालेच. खरें कारण हें कीं, मासा ज्याच्या हातीं होता त्याच्या हातीं लेखणी नव्हती, आणि लेखणी ज्याच्या हातीं होती तो पाण्यांत उतरला तर स्नानसंध्येपुरता. मुठेच्या कांठचा भोई पाग टाकी, गळास कणीक किंवा गांडूळ लावी. कोणत्या डोहांत, कोणत्या नक्षत्रांत, कोणता मासा वर येतो हें त्यास मुखोद्गत होतें. त्याच नदीच्या घाटावर, ओंकारेश्वरापाशीं, व्याकरणाचे व धर्मशास्त्राचे दिग्गज रोज अर्घ्य देत. दोघांत अंतर असेल पन्नास हातांचें. तें तसेंच राहिलें. सोमेश्वर राजा होता म्हणून तें अंतर ओलांडूं शकला. पंडितास तें परवडणारें नव्हतें.

मग तें ओलांडलें कोणीं? कर्नल विल्यम हेन्री सायक्स यानें. मुंबई सरकारनें १८२४ मध्यें त्यास दख्खनची शास्त्रीय व सांख्यिक पाहणी करण्यास नेमलें. त्यानें येथील पक्षी, पशु, पिकें, पाऊस, भाव अशी सर्व टिपणें केलीं. आणि दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्यें लंडनच्या विद्वानांपुढें आला. या निबंधाची मौज अशी कीं, सायक्सनें कित्येक माशांस लॅटिन कुळनांव देऊन पुढें येथल्या मासेमाऱ्यांच्या तोंडचीं नांवेंच जोडून दिलीं: खुदरी, कोळूस, मुल्या, फुलंगी, शिंगटी, इचकीया. गोऱ्या कर्नलच्या कानांनीं टिपलेलीं म्हणून थोडीं वांकडीं झालेलीं, पण आपलींच. ज्या काळांत पुण्याच्या शास्त्र्यांस या माशांचीं नांवें विचारणें हें वेडेपण ठरलें असतें, त्या काळांत भोयांचे शब्द जगाच्या शास्त्रीय भाषेंत कायमचे बसले. त्या भोयांचीं स्वतःचीं नांवें मात्र निबंधांत नाहींत. सायक्सलाहि मर्यादा होत्याच.

यांपैकीं खुदरी म्हणजे दख्खनचा महाशीर. मोठाल्या खवल्यांचा, अंगानें दांडगा, वेगवान पाण्याचा मासा. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानें १८७३ मध्यें ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें महाशीराची जात झुंजीच्या बाबतींत सॅमनहूनहि वर मानली आहे, आणि कोंबड्याच्या पिसाची माशी या देशांतल्या माशांवरहि चालते हें दाखविलें आहे. म्हणजे ट्राउटचीच अट नव्हती. पीस होतें, मोर होता, बांबू होता, मासा होता, आणि सात शतकांपूर्वीं पाया घातलेला ग्रंथहि होता.

सायक्सनें खुदरी पाहिली ती पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर, मुळा-मुठेच्या जोड प्रवाहांत. त्यानंतर खडकवासल्याचा बंधारा १८७९ मध्यें झाला. पुढें पानशेत झालें, १९६१ च्या जुलैंत तें फुटून शनिवार पेठेंत पुरुषभर पाणी चढलें, पुन्हा बांधलें गेलें. आज लकडी पुलावरून खालीं पाहिलें तर पावसाळ्याखेरीज जें पाणी दिसतें त्यांत खुदरीसारख्या माशानें जगावें असें कांहीं उरलेलें नाहीं. तिचें बीज मात्र गेलें नाहीं. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर कृत्रिम रीतीनें महाशीराची पैदास सुरू केली, चि. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांचें मार्गदर्शन त्यास लाभलें. तेथून निघालेली खुदरीची पिल्लें दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. कावेरींत तीं इतकीं फोफावलीं कीं, तेथला मूळचा, पाठीस उंचवटा असलेला प्रचंड महाशीर मागें हटत चालला आहे, असें गळ टाकणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें ठेवलेल्या नोंदींवरूनच संशोधकांच्या ध्यानांत आलें. त्या उंच पाठीच्या माशाची शास्त्रीय ओळख नक्की झाली ती २०१८ मध्यें. खुदरीचें नांव तेवढें जगांतल्या सूचींत सायक्सनें लिहिलें तसेंच आहे, आणि तिचें मूळ स्थान म्हणून त्यापुढें अद्याप पुण्याचीच नदी लिहिलेली असते.